गाल कसा लागतो?

युसूफ वडगाव (ता. केज), मे २०२१

सकाळी ८. दवाखाना उघडायच्या आधीच ओट्यावर माणसं. कोरोनातून उठलेल्यांना आधी आत घेतो. खोकल्याबिकल्याचं नंतर; पहिली बोटाला सुई, शुगर.

८.४०. ऊसतोडीवरून परतलेले मुकादम. कोरोनाच्या वॉर्डातून दोन आठवड्यांपूर्वी सुट्टी झालेली. शुगर ४१२. "नाक चोंदलंय, बाकी काही नाही."

"मामा, गाल कसा लागतो?"

"बधिर झाल्यावाणी. अन् वरचे दात हालायलेत."

बॅटरी मारली. टाळू अजून गुलाबी. पाठवायची वेळ हीच. टाळूवर काळं यायची वाट बघत बसलो तर उशीर झालाच समजा. म्युकरची बुरशी रक्तवाहिनीची भिंत फोडून आत शिरते, तिथं गुठळी होते, पुढचं मांस रक्ताविना मरतं. काळं दिसतं ते हेच. जिथं रक्त जात नाही तिथं औषध कसं जाणार? म्हणून मेलेलं खरवडून काढावंच लागतं. चिठ्ठी दिली, जीप अंबाजोगाईच्या स्वाराती रुग्णालयाकडे लावली.

११. एक काकू. स्टिरॉइडच्या गोळ्या कुणीतरी लिहून दिलेल्या, थांबवायच्या कधी ते सांगितलंच नाही. डावी पापणी लोंबलेली. उचलून पाहिली तर बुबुळ कुठंच वळेना. छातीत धस्स झालं. डोळ्यांच्या मागे, मेंदूच्या तळाशी कॅव्हर्नस सायनस नावाची रक्ताची पोकळी असते. डोळा हलवणाऱ्या नसा तिथूनच जातात आणि मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनीही. पोकळीत गुठळी झाली की डोळा अडकतो. डावी धमनी तुंबली तर उजवा हात-पाय जातो. त्यांनाही स्वारातीलाच धाडलं. मुलाला बजावलं, "वाटेत बोलणं अडखळलं, हात गळाला, तर पोचल्याबरोबर दारातच सांग."

दुपार ताप-खोकल्यात गेली.

४. स्वारातीतून निवासी डॉक्टरांचा फोन. मुकादमांच्या नमुन्यात रुंद, पडदे नसलेले धागे, म्युकरच. बुरशीवरचं औषध, लिपोसोमल ॲम्फोटेरिसिन, किलोमागे ५ मिलिग्रॅम धरलं तरी साठ किलोच्या माणसाला रोज ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० च्या सहा कुप्या, आणि त्या सरकारी वाटपातूनच. सलाइनमध्ये चालत नाही, डेक्स्ट्रोजच लागतं. शुगरवाल्याला साखरपाण्यातून औषध! जोडीला इन्सुलिन आलंच.

७.३०. मुकादमांचा मुलगा फोनवर. "जबड्याचा तुकडा काढावा लागंल म्हणायलेत, डॉक्टरसाब. उद्या आत्या येणार हाय, तिला विचारून सही करू का?"

"आत्याला येऊ दे. सही आत्ता कर."