एका दात्याचा फरक

टायमिंग बेल्ट नवा घातला आणि डिझेल गाडी चढावर धापा टाकू लागली, तर पहिला संशय टायमिंगवरच. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक. क्रँकच्या चाकाला २० दाते असतील, तर बेल्ट एका दात्याने सरकला की क्रँकच्या हिशेबात १८ अंशांची चूक होते. व्हॉल्व्ह अवेळी उघडतात-मिटतात, सिलिंडरमध्ये हवा पुरेशी दाबली जात नाही. आणि डिझेल पेटतं ते दाबून तापलेल्या हवेनेच.

बऱ्याच जुन्या इंजिनांत इंधनपंपही याच बेल्टवर फिरतो. पंप मागे पडला की ताकद जाते, पांढरा धूर येतो. पुढे गेला की खडखडाट वाढतो. कॉमन रेल इंजिनात इंधनाच्या फवाऱ्याची वेळ ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, ठरवतो. तिथे स्कॅनरवर आलेला पी००१६ हा कोड क्रँक आणि कॅमचा मेळ बिघडल्याचं सुचवतो.

तपासणी अशी: पान्याने क्रँकचे दोन पूर्ण फेरे हातानेच फिरवून चाकांवरच्या टायमिंगच्या खुणा पुन्हा जुळतात का पाहावं. मध्येच अडलं तर जोर लावू नये. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकलेला असू शकतो. खुणा चोख असतील, तर कामाच्या गडबडीत सुटून राहिलेला टर्बोचा पाइप किंवा एअर सेन्सरचा प्लग शोधावा.