टेबलावर बोलतं, शेतात मुकं: घरच्या मेटल डिटेक्टरची रेंज का मिळत नाही?

हा आजच्या एपिसोडचा लिखित भाग. एका हातात सोल्डरिंग गन असताना ऑडिओ मागे-पुढे करणं काही जमत नाही, म्हणून सगळे आकडे इथे नीट लिहून ठेवलेत.

सुरुवात कोरेगाव तालुक्यातल्या मामाच्या शेतात झाली. आल्याची काढणी चालू होती आणि मामीचं मंगळसूत्र तुटलं. ते कळलं संध्याकाळी, घरी आल्यावर. थोडे काळे मणी सापडले, पण सोन्याच्या दोन्ही वाट्या मातीत गेल्या. मी सांगलीत राहतो, आणि तेव्हा नुकताच घरी पल्स इंडक्शन पद्धतीचा डिटेक्टर बनवला होता. एसटीत मांडीवर घेऊन गेलो. दिवसभर वाफे पालथे घातले, एक बीप आला नाही. मामी म्हणाली, "तुझं मशीन मुकं हाय का रं?"

परत येऊन शोधायला बसलो. या वेळी सोनं नाही, मशीनमधला दोष.

मोबाईलचं ॲप का चालत नाही?

हे आधी सांगतो, कारण पहिल्यांदा आपण सगळे तेच करतो. फोनमध्ये होकायंत्रासाठी चुंबकीय सेन्सर असतो. आपल्याकडे पृथ्वीचं क्षेत्र साधारण ४० ते ४५ मायक्रोटेस्ला. जवळ लोखंड आलं की आकडा हलतो. सोनं, चांदी, तांबं चुंबकाला दाद देत नाहीत, त्यामुळे ॲप खिळा दाखवेल, वाटी कधीच नाही.

पल्स इंडक्शनचं तसं नसतं. कॉइलमधून क्षणभर जोराचा करंट सोडायचा आणि झटक्यात तोडायचा. तोडताना जवळच्या धातूत छोटे भोवरे-प्रवाह उठतात आणि विझत जातात. ते विझायच्या आत सर्किटने कान द्यायचा. मोठ्या, जाड धातूतले प्रवाह उशिरा विझतात. पातळ सोन्यातले काही मायक्रोसेकंदांतच संपतात. माझी चूक नेमकी इथेच होती, पण ती कळायला आठवडा गेला.

आधी मोजा, मग हात लावा

टेबलावर लाकडी पट्टी ठेवा आणि पिवळसर पाच रुपयांचं नाणं घ्या. स्टीलचं एक रुपयाचं नको. कॉइलपासून किती सेंटीमीटरवर आवाज बदलतो ते वहीत लिहा. एका वेळी एकच बदल करा, परत मोजा. माझं नाणं ९ सेंटीमीटरवर मिळत होतं. आईच्या मंगळसूत्राची वाटी मात्र जवळपास टेकवल्यावरच.

१. बॅटरी. मी नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावली होती. प्रत्येक पल्सला कॉइल एक-दोन अँपिअर मागते, ही बॅटरी तेवढं देताना बसते. फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी लावली (तुमच्या सर्किटला १२ व्होल्ट चालतात ना, ते आधी बघा) आणि मॉसफेटच्या अगदी जवळ २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला. नाणं १२ वर गेलं.

२. कॉइल. २० सेंटीमीटर व्यासाचे २६ वेढे, म्हणजे साधारण ३०० मायक्रोहेन्री. वेढे सैल असतील तर हलवताना खोटे आवाज येतात, म्हणून घट्ट बांधून वॉर्निश लावा. तारेच्या टोकाचं इनॅमल नीट खरवडा. माझ्या एका टोकाला अर्धवट राहिलं होतं, वरून सोल्डर चकाचक दिसत होतं! कॉइलपासून बोर्डापर्यंतची केबल जितकी आखूड, तितकं बरं.

३. डॅम्पिंग रेझिस्टर. हा कॉइलला समांतर असतो. किंमत जास्त झाली तर कॉइल घंटेसारखी घुमत राहते, कमी झाली तर हळूहळू शांत होते. दोन्हींत सुरुवातीचे मोलाचे मायक्रोसेकंद जातात. माझ्याकडे ३३० ओहम होता. ४७०, ५६०, ६८०, ८२० असे बदलून पाहिले, ६८० जमला. तुमचा आकडा वेगळा येईल. बदलताना बॅटरी काढा. पल्स तुटताना कॉइलवर शेकडो व्होल्ट येतात.

४. डिले. करंट तोडल्यावर किती वेळाने ऐकायचं, तो हा आकडा. माझा ३० मायक्रोसेकंद होता. तोवर वाटीतले प्रवाह विझून गेलेले! कॉइल लवकर शांत व्हायला लागली, तेव्हाच डिले १२ वर आणता आला. नाणं २० सेंटीमीटर, वाटी ८. आधी डिले कमी करून पाहिला असता तर नुसता गोंगाट ऐकू आला असता. म्हणून हा क्रम महत्त्वाचा.

५. स्वतःचंच लोखंड. टेलिफोनचे जनक ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी अशाच यंत्राने शोधायचा प्रयत्न केला. गादीतल्या धातूच्या स्प्रिंगांनी घोळ केला, शिवाय डॉक्टरांनी तपासू दिलेली बाजूच चुकीची होती. माझ्या गादीतली स्प्रिंग म्हणजे कॉइलच्या पाटीवरचे दोन लोखंडी स्क्रू. पीव्हीसी पाइप आणि प्लास्टिकचे स्क्रू वापरा. हातातलं कडं काढा, फोन लांब ठेवा. शेतातली मोटार चालू असेल तर थोडा वेळ बंद करा.

मग जमीन

सगळं जमलं तरी शेतात रेंज घटते. आपली काळी माती बसाल्टच्या झिजेतून आलीय, तिच्यात लोहाची चुंबकीय खनिजं असतात. कासकडे जांभा दगड, तोही लोहाने भरलेला. ही माती पल्सला स्वतःच थोडा प्रतिसाद देते आणि डिले कमी केला की तो जास्त ऐकू येतो. त्यामुळे ट्यूनिंग घरात करू नका. ज्या मातीत शोधायचंय तिच्यावर, ज्या उंचीवर कॉइल फिरवणार त्याच उंचीवर करा. तीन-चार सेंटीमीटर उंची, एकसारखी, सावकाश. कॉइल वर-खाली झाली की मातीच वाजते.

दुसऱ्या खेपेला वाफ्याला दोऱ्या बांधून पट्टे पाडले. आधी पुरलेलं नाणं शोधून खात्री केली. दोन बाटल्यांची बुचं आणि नांगराचा एक बोल्ट निघाला. दुपारी तिसऱ्या वाफ्यात चार बोटं खोल, मातीने भरलेली एक वाटी. मामीने ती ओच्यात पुसली आणि म्हणाली, "बोलाय लागलं की!"

दुसरी वाटी अजून मिळालेली नाही. बहुतेक नांगरटीत खोल गेलीय, आठ सेंटीमीटरच्या पलीकडे. पुढच्या नांगरटीनंतर परत जाणार आहे.

एक शेवटचं. मशीन चाललं की अजिंक्यताऱ्यावर जायची हौस येते. नका जाऊ. संरक्षित वास्तूंच्या जागी परवानगीशिवाय खोदणं गुन्हा आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. घरच्यांचं हरवलेलं शोधा, तेवढं काम भरपूर आहे.

भेटू पुढच्या भागात. तोवर वही आणि नाणं जवळ ठेवा!