आईच्या ओव्यांची सीडी

ताईंनो, देवळाली प्रवरातल्या बैठकीला एक ताई आईच्या ओव्यांची सीडी घेऊन आल्या. आई आता नाही, अन् सीडी मध्येच अडकत होती.

सीडी कडेला धरायची. चकचकीत बाजू मऊ, ओलसर सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसायची, गोल नाही. गोल चरा पडला तर आवाज जास्त तुटतो. पुसून पूर्ण वाळली की मगच लावायची.

नाव लिहिलेली बाजू जास्त नाजूक. आवाज साठवणारा थर तिच्या लगेच खाली असतो. तिथं खरवडलं तर दुरुस्ती नाही. दुकानात भरून घेतलेली सीडी उन्हातही खराब होते, म्हणून डबीत ठेवा.

ताईंची सीडी पुसल्यावर वाजली. लगेच पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. तुम्हीही घ्या.