दख्खनची तख्तं (लेखांक सातवा) : सुलतान गेला म्हणून बिदर बुडालं?

सोलापूरहून विजापूरकडे निघालं की वाटेत मंद्रूप लागतं, आणि पुढे टाकळीपाशी भीमा ओलांडली की कर्नाटक. मागच्या आठवड्यात बहमनी राज्याचा कळस पाहिला. 1347 मध्ये स्थापन झालेलं हे राज्य 1480 च्या आसपास गोव्यापासून आंध्रच्या किनाऱ्यापर्यंत पोचलं होतं, आणि मंद्रूपचा हा टापू त्याच्या अगदी पोटात होता. पुढच्या पन्नास वर्षांत इथली भीमा दोन भांडखोर शेजाऱ्यांच्या वादात सापडली. असं काय घडलं?

शाळेत आपण एक उत्तर पाठ केलंय : तिसरा मुहम्मदशहा 1482 मध्ये वारला, वारस दुबळे निघाले, राज्य मोडलं. मला ते पटत नाही. मुहम्मदशहानंतर बारा वर्षांचा महमूदशहा गादीवर बसला हे खरं. पण तो 1518 पर्यंत, म्हणजे 36 वर्षं गादीवर होता. इतकी वर्षं दुसऱ्या कुठल्याच बहमनी सुलतानाला लाभली नाहीत, आणि नेमक्या त्याच्याच काळात राज्याचे तुकडे पडले. मोडतोड त्याच्या बापाच्या डोळ्यांदेखत सुरू झाली होती, किंबहुना बापाच्याच हातून.

मुळात हे राज्य चालायचं तरफदारांवर. तरफ म्हणजे सुभा. सुरुवातीला तरफा होत्या चारच. वसुली तरफदाराची, फौज त्याची, किल्ले त्याचे. शिपायाला पगार त्याच्या हातून मिळायचा. राजधानी बिदरचा सुलतान त्याने जन्मात पाहिलेला नसला तरी बिघडत नसे. अशा राज्यात एकेक तरफदार म्हणजे अर्धा राजाच.

इराणातल्या गिलानहून 1453 मध्ये व्यापारी म्हणून आलेला महमूद गावान पुढे वजीर झाला, आणि त्याने या व्यवस्थेला हात घातला. चारांच्या आठ तरफा केल्या. गुलबर्ग्यातून विजापूर वेगळं काढलं, दौलताबादेतून जुन्नर. प्रत्येक तरफेतली काही जमीन थेट सुलतानाच्या खालशात घेतली. तरफदाराच्या हाती एकच किल्ला ठेवला. बाकी किल्ल्यांवर किल्लेदार नेमायचे ते बिदरने. पगार वाढवले, पण घोडेस्वार हजेरीला कमी भरले तर तेवढी रक्कम कापायचीही सोय केली. खोटी हजेरी दाखवून पैसे खाणाऱ्यांना हे किती झोंबलं असेल ते सांगायला नको.

सगळ्यात जास्त दुखावला तो तेलंगणचा मलिक हसन निजाम-उल-मुल्क. त्याची तरफ निम्मी झाली. त्यातून दरबारात दख्खनी आणि परदेशी, म्हणजे आफाकी, असे दोन तट होतेच. गावान आफाकी, मलिक हसन दख्खनी. मलिक हसन मूळचा ब्राह्मण घरातला, लहानपणी विजयनगरच्या मोहिमेत पकडून आणलेला. आफाक्यांचा वरचढपणा त्याला सलत होता.

पुढचं कारस्थान इतिहासकार फिरिश्त्याने तपशिलाने लिहिलंय. गावानचा शिक्का सांभाळणारा एक हबशी गुलाम होता. कारस्थान्यांनी त्याच्याशी दोस्ती वाढवली, तो दारूच्या अमलात असताना एक घडी घातलेला कागद पुढे केला आणि त्यावर शिक्का मारून घेतला. कागद कोरा होता. मग त्यावर ओरिसाच्या राजाला पत्र लिहिलं : सुलतानाला प्रजा कंटाळली आहे, तुम्ही चालून या. ते पत्र मुहम्मदशहापुढे ठेवलं तेव्हा तोही प्यालेलाच होता. गावान म्हणाला, शिक्का माझा आहे, पत्र माझं नाही. चौकशीचं नाव न घेता सुलतानाने गर्दन मारण्याचा हुकूम सोडला. 5 एप्रिल 1481, कोंडापल्लीची छावणी. सत्तरी ओलांडलेला वजीर संपला. त्याच्या घरी खजिना सापडेल म्हणून माणसं धावली, तर हाती फारसं काही लागलं नाही.

माझ्या मते राज्य मोडलं ते या दिवसानंतरच्या छावणीत. वऱ्हाडचे सरदार आपले तंबू उखडून लांब जाऊन राहिले. सुलतानाने बोलावलं तर निरोप आला की गावानसारख्याची ही गत, तर आमची काय कथा. गावानने मुलासारखं वागवलेला यूसुफ आदिलखान मोहिमेवरून परतला तोही याच गोटात गेला. मुजऱ्याला यायचे ते स्वतःची फौज सोबत घेऊन, लांबूनच सलाम करून परतायचे. सुलतान जिवंत, तख्त शाबूत, पण शब्दाची पत संपलेली. वर्षाच्या आत मुहम्मदशहाही गेला.

मेलेल्या वजिराची विजापूर तरफ, जी त्याने स्वतःकडे ठेवली होती, ती यूसुफला मिळाली. वजिरी मलिक हसनकडे गेली, पण 1486 मध्ये बिदरमध्येच त्याचाही खून झाला. त्याचा मुलगा मलिक अहमद याने 1490 मध्ये सुलतानी फौजेचा पराभव केला, आणि पुढे चार वर्षांनी त्याच जागी अहमदनगर वसवलं. वऱ्हाडात इमादशाही, नंतर गोवळकोंड्यात कुतुबशाही. खुद्द बिदरचा वाडा कासिम बरीदच्या मुठीत. गावानने तरफदारांना दुखवण्याइतके त्यांचे हात बांधले होते. पण तो गेल्यावर ते बांधून ठेवायला कोणी उरलं नव्हतं.

आता आपल्या भागाकडे येऊ. या पडझडीत परांड्याला ख्वाजा जहान आणि सोलापूरला त्याचा भाऊ झैनखान अशी आणखी दोन ठाणी आपापल्या परीने जगत होती. सोलापूर आणि त्याखालचे साडेपाच परगणे हे दोन शेजारी राज्यांमधलं दुखणं. अहमदनगर म्हणे आमचे, विजापूर म्हणे आमचे. 1524 मध्ये सोलापुरात तह होऊन अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचं लग्न विजापूरच्या आदिलशाही घराण्यातल्या मरियमशी लागलं. आंदण म्हणून हे साडेपाच परगणे द्यायचे ठरल्याचं निजामशाही सांगे, आदिलशाही साफ नाकारी. परगणे मिळाले नाहीत आणि पुढच्याच वर्षी व्याही रणात भेटले. भांडण चाळीस वर्षं चाललं. गाव एकच, दावेदार दोन. रयतेचं काय होत असेल याचा अंदाज ज्याच्या शिवारातून कधी फौज गेली असेल त्यालाच.

अखेर हे सोलापूर सुटलं ते दुसऱ्या लग्नात. हुसेन निजामशहाची मुलगी चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, आणि आंदणात सोलापूरचा किल्ला गेला. त्यानंतर लगेचच, जानेवारी 1565 मध्ये, हे सासरे-जावई एकत्र होऊन विजयनगरवर चालून गेले. त्या लढाईविषयी पुढच्या आठवड्यात.