अदृश्य द्रव्य की अपुरा नियम?

नागरवाड्यातील एखाद्या गच्चीवर सूर्यास्तानंतर उभे राहिल्यास वर्षातील मोजक्याच संध्याकाळी पश्चिम क्षितिजालगत बुधाचा ठिपका दिसतो. या इवल्याशा ग्रहाने एके काळी थोर ज्योतिर्विदांना पेचात टाकले होते.

युरेनस ग्रह गणिताबरहुकूम चालेना, तेव्हा त्याला ओढणारा कोणी अज्ञात ग्रह असावा, असे अनुमान निघाले. आणि १८४६ साली नेपच्यून सापडला. बुधाची कक्षाही गणितापेक्षा शतकाला सुमारे ४३ विकला अधिक सरकत होती. तेथेही अज्ञात ग्रह कल्पिला गेला. परंतु तो कधीच हाती लागला नाही. उणीव द्रव्याची नव्हती, नियमाची होती. १९१५ साली आइन्स्टाइन यांनी गुरुत्वाकर्षणाचा विचार नव्याने मांडला आणि त्या ४३ विकलांचा हिशेब जुळला.

आज तोच प्रश्न विराट रूपाने उभा आहे. दीर्घिकांच्या कडेचे तारे दृश्य द्रव्याच्या मानाने फार वेगाने फिरतात. बहुतेक शास्त्रज्ञ त्यासाठी अदृश्य कृष्णद्रव्य मानतात. १९८३ साली मिलग्रोम यांनी मात्र न्यूटनच्या नियमातच फेरफार सुचविला. एकेका दीर्घिकेपुरता तो चांगला जुळतो. दीर्घिकांच्या समूहांत मात्र त्यालाही अदृश्य द्रव्य उसने घ्यावे लागते.

नियमालाच प्रश्न विचारण्याचे हे धाडस मराठी मनाला परके नाही. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर यांनी आपले गुरू फ्रेड हॉईल यांच्यासह १९६४ साली गुरुत्वाकर्षणाची निराळी उपपत्ती मांडली. ज्या स्थिर विश्वाचा ते दोघे पुरस्कार करीत, त्याचे प्रसरण उत्तरोत्तर वेग घेणारे होते. पुढे १९९८ साली दूरच्या स्फोटक ताऱ्यांच्या वेधांवरून प्रसरणाचा वेग खरोखरच वाढत असल्याचे आढळले. मग स्थिर विश्व सिद्ध झाले काय? नाही. अवकाश व्यापून असलेल्या ज्या सूक्ष्मतरंग प्रारणाचा शोध १९६५ साली जाहीर झाला, त्याचा उलगडा त्या कल्पनेतून सहजी होईना. एक वेध जुळला म्हणून दुसऱ्याकडे डोळेझाक करता येत नाही.

वेगवृद्धीचे कारण गुरुत्वाच्या नियमात शोधणाऱ्यांनाही हाच न्याय लागू पडला. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून निघालेले गुरुत्वतरंग आणि गॅमा किरण, सुमारे १३ कोटी वर्षांच्या प्रवासानंतर, अवघ्या १.७ सेकंदांच्या अंतराने पृथ्वीवर पोहोचले. दोहोंचा वेग निराळा मानणाऱ्या कित्येक उपपत्ती त्या एका वेधाने बाद झाल्या.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ अशाच तरंगांच्या वेधशाळेची योजना मंजूर झाली आहे. आपल्यापुढील कोडे नेपच्यूनचे आहे की बुधाचे, हे वादाने ठरणार नाही. ते वेधांनीच ठरेल.