बारा काड्या आणि एक सावली

वार्षिक परीक्षा आटोपल्या की आपल्या मराठी मंडळांतून उन्हाळी शिबिरांची लगबग सुरू होते. गाव इंदूर असो, बेळगाव असो की हैदराबाद, कार्यक्रमपत्रिका बहुधा ठरलेलीच असते: सकाळी श्लोकपठण, मग चित्रकला, एखादे नाटुकले, शेवटच्या दिवशी पाहुण्यांचे भाषण आणि अल्पोपाहार. अलीकडे त्यात विज्ञानाचाही एक तास घालण्याची प्रथा पडली आहे. टेबलामागे उभे राहून कोणी शिक्षक प्रयोग करून दाखवतात, द्रवाचा रंग पालटतो, थोडा धूर निघतो, मुले टाळ्या वाजवतात. याला विज्ञान म्हणावयाचे तर जादूगाराच्या खेळालाही म्हणावे लागेल. त्या तासात मुलाच्या हाताला काहीच लागलेले नसते आणि त्याचा एकही अंदाज चुकलेला नसतो. पालकांच्या हाती मात्र प्रमाणपत्र पडते.

याहून वेगळे काही होऊ शकते, आणि ते अगदी साध्या खेडेगावच्या शाळांत होऊन गेले आहे. त्यासाठी फार दूर पाहावयास नको. नर्मदाकाठच्या होशंगाबाद जिल्ह्यात (२०२२ पासून त्याचे नाव नर्मदापुरम असे झाले) १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी शासनाच्या अनुमतीने १६ माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवण्याची निराळी रीत सुरू केली. सहावी ते आठवीच्या मुलांनी चारचौघांच्या टोळ्या करून प्रयोग स्वतः करावयाचे, जे दिसेल ते वहीत मांडावयाचे, आणि उत्तर पुस्तकात शोधण्याऐवजी आपसांत वाद घालून ठरवावयाचे. परीक्षेला पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा होती. पाठांतराचा प्रश्नच उरला नाही, कारण विचारले जात होते ते पुस्तकात नव्हतेच. १९७८ मध्ये हा उपक्रम जिल्ह्यातील सगळ्या माध्यमिक शाळांत गेला, आणि १९८२ साली स्थापन झालेल्या भोपाळच्या एकलव्य संस्थेने पुढे त्याचा भार उचलला.

या उपक्रमातील आम्हांस सर्वांत आवडलेली व्यक्ती म्हणजे सवालीराम. हा गृहस्थ प्रत्यक्षात कोणीच नव्हता. मुलांनी मनातले प्रश्न पत्राने त्याला कळवावयाचे आणि त्याच्या नावाने उत्तर यावयाचे, एवढीच योजना. पण ज्या मुलाने आयुष्यात कोणाला पत्र लिहिले नव्हते, त्याला आपल्या शंकेचे पोस्टाने उत्तर येते, ही गोष्ट लहान नव्हे.

२००२ साली मध्य प्रदेश शासनाने हा उपक्रम बंद केला. तोवर तीस वर्षे होऊन गेली होती आणि शाळांची संख्या हजाराच्या आसपास पोहोचली होती. त्या निर्णयाची चर्चा पुष्कळ झाली. ती येथे उगाळण्याचे कारण नाही. आम्हांस त्यातून दिसते ते इतकेच की शाळेच्या चौकटीतले असे काम एका आदेशाने थांबू शकते. मंडळाच्या शिबिराला मात्र ना अभ्यासक्रम असतो, ना गुण, ना वरिष्ठांची मंजुरी. एवढे स्वातंत्र्य हाताशी असून आपण ते धुराच्या खेळात घालवतो, याचे वाईट वाटते.

होशंगाबादेतच आणखी एक गोष्ट घडली. कानपूरच्या आय.आय.टी.तून अभियंता झालेले आणि पुण्याच्या टेल्कोत नोकरीस असलेले अरविंद गुप्ता १९७८ साली रजा घेऊन तेथे आले. आठवड्याच्या बाजारात हिंडताना सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणि काडेपेटीच्या काड्या यांतून त्यांना सांधे जुळवण्याची एक युक्ती सुचली. गूल खरवडून टाकलेल्या दोन काड्या दीड सेंटिमीटर नळीच्या दोन तोंडांत खुपसल्या की दोहोंचा सांधा होतो. नळीच्या मध्यावर बाभळीच्या काट्याने भोक पाडून तिसरी काडी घातली की तिघींचा. गुप्ता पुढे पुण्याच्या आयुकातील मुलांच्या विज्ञान केंद्रात २००३ पासून अनेक वर्षे होते आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तथापि त्या बाजारातल्या नळीची सर आम्ही पुढच्या कोणत्याही महागड्या खेळण्यात पाहिली नाही.

नळी न मिळाल्यास रात्रभर भिजवलेले वाटाणे घ्यावेत. बालोद्यानाचा जनक फ्रोबेल यानेही मुलांच्या हाती काड्या आणि भिजलेले वाटाणेच दिले होते. फक्त खेळ वाटाणे ओले असतानाच उरकावा, कारण वाळले की ते आक्रसून काडीला घट्ट धरतात आणि मग डळमळ कळत नाही.

प्रत्येक मुलाला बारा काड्या द्याव्यात आणि त्यांची पेटी, म्हणजे घन, करावयास सांगावे. आठ सांध्यांची पेटी तयार होते आणि हात सोडताच एका अंगाला कलते. मुले हसतात, पुन्हा उभी करतात, ती पुन्हा कलते. आता त्याच बारा काड्यांतून चार काड्यांचा चौकोन करून त्याच्यावर चार काड्यांचे शिखर आणि खाली तसेच दुसरे शिखर करावयास सांगावे. काड्या तितक्याच, सांधे सहा. ही आकृती दाबली तरी हलत नाही. असे का, हे मोठ्यांनी सांगू नये; हा मोह आवरणे हीच शिबिर घेणाऱ्याची खरी कसोटी असते. थोड्या वेळाने कोणीतरी म्हणतेच की हिला सगळीकडे त्रिकोण आहेत. मग एखादी मुलगी पेटीच्या चौकोनात आडवी काडी घालू पाहते आणि ती पुरत नाही. हट्टाने बसवलीच तर चौकोन मोडून दोन त्रिकोणांची शंकरपाळी होते. चौकोन चौकोनच राहावा म्हणून काडी केवढी हवी, हे मोजल्यावर उत्तर सुमारे १.४ पट येते, आणि पेटी ताठ उभी राहण्यास सहा बाजूंना अशा सहा काड्या लागतात. मुलांना तेथून उठवून एखाद्या जुन्या कौलारू घराचे आढे किंवा रेल्वेचा लोखंडी पूल दाखवावा. सुतार छपराच्या त्या त्रिकोणाला कैची म्हणतात.

हा शब्द आम्ही मुद्दाम लिहिला. आपली मुले विज्ञान शिकतात ते इंग्रजीत, नाही तर हिंदी, कन्नड, तेलुगू किंवा गुजरातीत. त्यात गैर काही नाही. मराठी त्यांच्यासाठी जेवणाच्या पानावरची आणि सणावारांची भाषा होऊन बसली आहे. तिच्यात तर्क करता येतो, भांडून एखादी गोष्ट सिद्ध करता येते, हे त्यांना कधी अनुभवासच आलेले नसते. टेकू, पाचर, कप्पी, ओळंबा, पाणसळ हे शब्द कोशात पाठ करून येत नाहीत. वस्तू हातात असताना ते आपोआप तोंडी बसतात. स्नेहसंमेलनातल्या एका पाठ केलेल्या गीतापेक्षा, "अरे, ओळंबा हललाय, काठी तिरकी आहे" हे मुलाच्या तोंडचे एक वाक्य आम्हांस भाषेच्या दृष्टीने अधिक मोलाचे वाटते.

ओळंब्याचे काम लागते सावलीच्या प्रयोगात, आणि हा प्रयोग महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या विखुरलेल्या वस्तीसाठीच जणू योजलेला आहे. दुपारी बाराला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, असे आपण सगळे समजून चालतो. काठी ओळंब्याने सरळ रोवून पावणेबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करावी. सर्वांत आखूड सावली बाराला पडत नाही: बेळगावात मे महिन्यात ती साडेबाराच्या सुमारास पडते. वर्षातले दोनच दिवस ती अजिबात नाहीशी होते. पणजी आणि बेळगाव येथे त्यांतला पहिला दिवस मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, हैदराबादेस ९ मेच्या सुमारास, बडोदे आणि इंदूर येथे जूनच्या पहिल्या आठवड्यात. ग्वाल्हेरला तो येतच नाही. ते शहर कर्कवृत्ताच्या उत्तरेस असल्याने २१ जूनलाही तेथे एक मीटर काठीची सुमारे ५ सेंटिमीटर सावली उरते. पुण्यात छापलेल्या पुस्तकात पुण्याची तारीख असणार. आपल्या गावाची तारीख आपल्या अंगणातच काढावी लागते.

दोन गावांनी मिळून हा प्रयोग केला तर त्याची गंमत फार वाढते, आणि आपल्यापैकी कोणाचे नातलग दुसऱ्या गावी नाहीत? ९ मे रोजी हैदराबादेस काठीची सावली लोपते तेव्हा इंदुरात एक मीटर काठीची सावली ९ सेंटिमीटरांहून किंचित अधिक भरते. त्यावरून कागदावर त्रिकोण काढून कोनमापकाने मोजल्यास कोन सुमारे ५.३ अंश येतो. नकाशावर हैदराबादपासून इंदूर किती उत्तरेला आहे ते पाहावे. (सरळ अंतर नको, फक्त उत्तरेकडचे.) ते सुमारे ५९० किलोमीटर आहे. ५.३ अंशांना ५९०, तर ३६० अंशांना किती? त्रैराशिक मांडले की पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटरांच्या जवळपास निघतो. सुमारे २,२०० वर्षांपूर्वी अलेक्झांड्रियाच्या एराटोस्थेनिसने याच रीतीने तो काढला होता. मुलांचे उत्तर दोनतीन हजारांनी चुकेल. चुकू द्यावे, आणि चूक काठीत, फुटपट्टीत की जमिनीच्या उतारात, हे त्यांनाच हुडकू द्यावे.

ज्यांना यंदा हे करावयाचे असेल त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की दोन्ही गावांची मध्यान्ह एकाच घटकेला होत नाही. हैदराबादेस ती त्या दिवशी १२ वाजून १२ मिनिटांच्या आसपास असते, इंदुरात १२ वाजून २३ मिनिटांच्या. काठी अर्धा तास आधीच रोवून ठेवावी, जमीन पाणसळीने पाहून घ्यावी, आणि मुलांच्या पायांत चपला व डोक्यावर टोपी असू द्यावी.