ऱ्हाईनपलीकडची वस्ती

अमेरिकेच्या ओहायो राज्यात सिनसिनाटी नावाचं शहर आहे. तिथला सेंट्रल पार्कवे हा रुंद रस्ता ओलांडून उत्तरेला गेलं की 'ओव्हर द ऱ्हाईन' ही वस्ती लागते. म्हणजे ऱ्हाईनपलीकडे. खरी ऱ्हाईन तिथून अटलांटिकपार, युरोपात. सिनसिनाटीची नदी ओहायो, आणि तीही या वस्तीच्या दक्षिणेला, चांगली लांबवर. इथल्या लोकांनी जिला ऱ्हाईन म्हटलं तो होता एक गढूळ कालवा. मायामी-ईरी कालवा १८२० च्या दशकाच्या अखेरीस शहरात पोचला. त्याच्या उत्तरेला टेकड्यांच्या पायथ्याशी जमीन स्वस्त होती, आणि जर्मन मुलखांतून आलेली कुटुंबं तिथे घरं बांधू लागली. दिवसभर दक्षिणेकडच्या कारखान्यांत राबायचं आणि संध्याकाळी पूल ओलांडून घरी परतायचं. त्या पुलांवरून जाणं म्हणजे 'ऱ्हाईन ओलांडणं', ही आधी थट्टा होती. पुढे तेच नाव नकाशावर गेलं.

१८५० मध्ये या वस्तीतल्या दर शंभर माणसांतली सुमारे त्रेसष्ट जर्मन राज्यांतून आलेली होती. 'जर्मन राज्यांतून' असंच म्हणावं लागतं, कारण जर्मनी हा एकसंध देश १८७१ पर्यंत अस्तित्वातच नव्हता. बव्हेरिया, बाडेन, हॅनोवर, ओल्डेनबुर्ग, जो तो आपापली बोली आणि आपापला देव घेऊन आलेला. कॅथलिक होते, ल्यूथरपंथी होते, ज्यू होते, आणि चर्चची पायरीही न चढणारे कट्टर बुद्धिवादीही होते. कुणाला पिकं बुडाल्याने गाव सोडावं लागलं, कुणाला १८४८ ची क्रांती फसल्यामुळे. मायदेशी ज्यांचं एकमेकांशी फारसं देणंघेणं नव्हतं, ते या कालव्याकाठी एका जिन्याने चढू-उतरू लागले आणि शेजाऱ्यांच्या लेखी सगळेच जर्मन ठरले.

ही घरं नीट पाहण्यासारखी आहेत. विटांची, तीन-चार मजली, दर्शनी बाजूला अरुंद आणि मागे लांबच लांब. खिडक्या उंच, आणि माथ्यावर इटालियन धाटणीची नक्षीदार, पुढे आलेली कॉर्निस. खाली दुकान किंवा दारूचा गुत्ता, वर बिऱ्हाडं. अनेक घरांचं रस्त्यावरचं दार उघडलं तर आत खोली लागत नाही, लागतो एक अंधारा बोळ. तो इमारतीच्या कडेकडेने मागच्या अंगणात जातो. तिथे बाहेरून काढलेला जिना, समाईक नळ, समाईक संडास आणि बऱ्याचदा त्याच आवारात उभी असलेली आणखी एक मागची इमारत. रस्त्यावरून फक्त पाहुण्यांना दाखवायचा चेहरा दिसतो. खरा संसार मागे चालायचा. १९०० च्या सुमारास इथे चव्वेचाळीस हजारांवर माणसं कशी मावत होती, याचं उत्तर या बोळांत आहे.

जमिनीखालीही एक वस्ती होती, पिंपांची. जर्मनांची लागर बिअर थंडाव्यात सावकाश आंबवावी लागते आणि मग कित्येक आठवडे थंडीतच मुरवावी लागते. सिनसिनाटीचा उन्हाळा दमट आणि तापट. त्यामुळे ब्रुअरीवाल्यांनी टेकडीच्या पायथ्याशी खोल खणून दगडी कमानींची तळघरं बांधली, हिवाळ्यातला बर्फ त्यांत साठवला आणि इमारती एकमेकींना बोगद्यांनी जोडल्या. बव्हेरियातून आलेल्या क्रिस्टियान मोर्लाइनने १८५३ मध्ये एल्म स्ट्रीटवर ब्रुअरी काढली. पुढे ती राज्यातल्या सर्वांत मोठ्या ब्रुअऱ्यांमध्ये गणली गेली. १८८० च्या दशकात यंत्राने बर्फ करता येऊ लागला, तशी तळघरांची गरज संपली. कित्येक तळघरं बुजवली गेली, विसरली गेली. आता त्यांतली काही पुन्हा उघडली आहेत आणि तिकीट काढून लोक ती बघायला जातात.

जर्मनांचा रविवार हा इंग्रजी वळणाच्या शेजाऱ्यांना न पचणारा प्रकार होता. सकाळी चर्च आणि दुपारी बायकामुलांसकट बिअर गार्डन, तिथे बँड, पत्ते, बोलिंग. प्युरिटन मनाला रविवारी हसणंही जड जायचं, मग हे तर काय! व्हाइन स्ट्रीटवर गुत्त्यांची रांगच होती. हातातल्या कुऱ्हाडीने गुत्ते फोडण्यासाठी गाजलेली दारूबंदीवाली कॅरी नेशन १९०१ मध्ये इथे येऊन गेली, पण या रस्त्यावर तिने एकही काच फोडली नाही. एवढे गुत्ते फोडायचे तर पहिल्याच चौकापर्यंत दम संपला असता, असं कारण तिने दिल्याचं सांगतात.

मात्र वस्तीचं चित्र फक्त फेसाळत्या पेल्यांतून रंगवणं हा पर्यटन खात्याचा आळस झाला. इथला खरा कणा होता तो 'फेराइन', म्हणजे मंडळ. गाणाऱ्यांचं, नेमबाजांचं, कामगारांचं, आजारपणात आणि मयतीला मदत करणारं, एकाच मुलखातून आलेल्यांचं. बाडेनच्या उठावाचा नेता फ्रिडरिश हेकर १८४८ मध्ये पळून अमेरिकेत आला आणि त्याने सिनसिनाटीत देशातल्या पहिल्या टुर्नफेराइनचा पाया घातला. टुर्नफेराइन म्हणजे व्यायामशाळा, वाचनालय आणि राजकीय अड्डा एकाच छपराखाली. शहरातल्या सरकारी शाळांत १८४० पासून जर्मन आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत शिक्षण मिळत होतं. 'फोक्सब्लाट' हे जर्मन दैनिक तर त्याही आधीचं, १८३६ चं.

एवढी आत्मविश्वासाची वस्ती डोळ्यांत खुपणारच. एप्रिल १८५५ मध्ये परदेशी लोकांविरुद्ध रान उठवणाऱ्या 'नो-नथिंग' पक्षाच्या जमावाने जर्मन वॉर्डांतल्या मतपत्रिका नष्ट केल्या. जर्मनांनी कालव्याच्या पुलांपाशी अडथळे रचले आणि जमावाच्या डोक्यावरून तोफ डागली. जमाव पलीकडेच राहिला. सहा वर्षांनी यादवी युद्ध पेटलं, तेव्हा याच वस्तीने टुर्नर हॉलमधून नववी ओहायो पलटण उभी केली. जवळजवळ सगळेच शिपाई जर्मन, हुकूमही जर्मनमध्ये. त्यांना कवायत शिकवणारा ऑगस्ट विलिश प्रशियाचा माजी अधिकारी आणि पक्का कम्युनिस्ट. १८४९ च्या बाडेन मोहिमेत फ्रिडरिश एंगल्स त्याच्याच हाताखाली होता. कालपर्यंत 'परके' म्हणून ज्यांना हाकलायचं होतं, ते आता संघराज्यासाठी मरत होते.

गाण्याच्या वेडातून वस्तीला तिची सर्वांत देखणी इमारत मिळाली. १८४९ पासून इथे जर्मन गायन मंडळांचे मेळावे भरत. त्यांच्यासाठी वॉशिंग्टन पार्कसमोर पत्र्याच्या छपराची एक लाकडी शेड बांधली होती. १८७५ च्या मे फेस्टिव्हल या संगीत महोत्सवात ऐन कार्यक्रमात पाऊस कोसळला. पत्र्यावरच्या ताशापुढे गायक-वादकांचं काही चालेना. श्रोत्यांत रूबेन स्प्रिंगर हा धनिक होता. त्याने स्वतः मोठी रक्कम देऊ केली आणि उरलेली शहराने उभी करावी अशी अट घातली. १८७८ मध्ये त्या जागी लाल विटांचं, मनोऱ्यांचं म्युझिक हॉल उभं राहिलं. आजही शहराचा सिंफनी वाद्यवृंद तिथेच वाजवतो.

जर्मनांनी ही वस्ती सोडली ती प्रथम कुणाच्या भीतीने नाही, तर सुबत्तेमुळे. १८७२ पासून टेकड्यांवर माणसांची ने-आण करणारे उतरंडीचे रेल्वेमार्ग आले. वर हवा स्वच्छ, अंगण स्वतःचं. ज्यांच्या गाठीशी पैसा जमला ते वर सरकले आणि खाली भाडेकरू राहिले. १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली, तेव्हा वस्ती आधीच पातळ होऊ लागली होती. मग मात्र जे घडलं ते अपमानास्पद होतं. सिंफनीचा ऑस्ट्रियन संचालक एर्न्स्ट कुनवाल्ड याला डिसेंबर १९१७ मध्ये अटक झाली आणि पुढे जॉर्जियातल्या फोर्ट ओगलथॉर्पच्या छावणीत डांबलं गेलं. वाचनालयातली जर्मन पुस्तकं काढून ठेवली गेली, शाळांतलं जर्मन बंद झालं. १८७७ च्या जर्मेनिया बिल्डिंगवरच्या जर्मेनियाच्या पुतळ्याचं नाव 'कोलंबिया' करण्यात आलं. एप्रिल १९१८ मध्ये रस्त्यांचीही बारशी उरकली. ब्रेमेन स्ट्रीटचा रिपब्लिक झाला, हँबुर्गचा स्टोनवॉल, बर्लिनचा वुड्रो. जर्मन स्ट्रीटचा तर चक्क इंग्लिश स्ट्रीट!

वर्षभराने, मे १९१९ पासून, ओहायोत दारूबंदी लागू झाली आणि ब्रुअऱ्यांना टाळी लागली. 'फोक्सब्लाट' त्याच साली बंद पडला. कालव्यातलं पाणीही काढून टाकलं होतं, कारण शहराला त्या खंदकातून भुयारी रेल्वे न्यायची होती. १९२० मध्ये काम सुरू झालं. युद्धानंतरच्या महागाईत पैसे संपले आणि रूळ पडण्याआधीच काम थांबलं. वरून १९२८ मध्ये सेंट्रल पार्कवे खुला झाला. खाली फलाटांसकट बोगदे तसेच पडून आहेत. त्यांतून आजवर एकही प्रवासी गेलेला नाही.

पर्यटकांच्या पुस्तिका इथून बहुधा थेट नव्या कॅफेंवर उडी मारतात. मधली सत्तर-ऐंशी वर्षं गाळतात. खरं तर ही घरं टिकली ती याच वर्षांत, आणि ती टिकवणारे जर्मन नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर अपॅलेशियाच्या डोंगराळ भागातले गरीब गोरे कामासाठी इथे आले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस शेजारच्या वेस्ट एंडमध्ये महामार्ग आणि 'नवनिर्माण' या नावाखाली घरं जमीनदोस्त झाली. पंचवीस हजारांहून अधिक माणसं, बहुतेक कृष्णवर्णीय, बेघर झाली. त्यांतली कित्येक ऱ्हाईनपलीकडे आली. वेस्ट एंडचा मोठा भाग पाडला गेला आणि ओव्हर द ऱ्हाईन वाचलं, याचं एक साधं कारण असं की इथे पैसा ओतायला कुणी तयार नव्हतं आणि राहायला माणसं तयार होती. ज्या घरात माणूस राहतो त्याचं गळकं छप्पर कुणीतरी ठिगळ लावून का होईना दुरुस्त करतं.

१९८३ मध्ये ही वस्ती राष्ट्रीय वारसास्थळांच्या यादीत गेली. याला सर्वांत कडवा विरोध बेघरांसाठी निवारा चालवणाऱ्या बडी ग्रे या कार्यकर्त्याने केला. वारशाचा शिक्का बसला की भाडी वाढतील आणि गरीब बाहेर फेकले जातील, हे त्याचं म्हणणं. वारसाप्रेमींना तो आडमुठा वाटे. १९९६ मध्ये त्यानेच मदत केलेल्या एका मनोरुग्णाने त्याला गोळी घातली. २००० पर्यंत वस्तीत साडेसात हजारांच्या आसपास माणसं उरली होती आणि शेकडो इमारती रिकाम्या होत्या. ७ एप्रिल २००१ च्या पहाटे टिमोथी थॉमस या एकोणीस वर्षांच्या निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुणाला पोलिसाने एका बोळात गोळी घातली. तो बोळ रिपब्लिक स्ट्रीटजवळचा, म्हणजे जुन्या ब्रेमेन स्ट्रीटजवळचा. त्यानंतर शहर अनेक दिवस पेटलेलं होतं. गोळी घालणारा पोलीस निर्दोष सुटला. २००२ मध्ये पोलीस, शहर आणि नागरिक यांच्यात सुधारणांचा करार झाला, त्याचा दाखला देशभर दिला जातो.

२००३ मध्ये शहरातल्या बड्या उद्योगांच्या पाठबळाने एक ना-नफा विकास संस्था निघाली. तिने इमारतींमागून इमारती घेतल्या आणि दुरुस्त केल्या. २०१२ मध्ये वॉशिंग्टन पार्क नव्याने खुलं झालं, २०१६ मध्ये ट्राम आली, २०१७ मध्ये म्युझिक हॉलची डागडुजी पुरी झाली. मोर्लाइनच्या बाटल्या भरण्याच्या जुन्या कारखान्यात २०१३ पासून ऱ्हाईनगाइस्ट नावाची नवी ब्रुअरी चालते. कॉर्निसना रंग चढले. भाडीही चढली. बडी ग्रेचं भाकीत वारसायादीने लगेच खरं केलं नाही, पैशाने वीस वर्षांनी केलं.

तरी जुन्या बिऱ्हाडकरूंनी काही जागा हातच्या जाऊ दिल्या नाहीत. बंद झालेली पीस्ली शाळा १९८० च्या दशकात वस्तीतल्या बायकांनी वर्गणी काढून विकत घेतली. तिथे पाळणाघर आणि मुलांचे वर्ग चालतात. तेराव्या रस्त्यावरचं ओल्ड सेंट मेरीज चर्च १८४२ चं. त्याच्या विटा बायकांनी घरच्या भट्ट्यांत भाजल्या, अशी आख्यायिका आहे. तिथे अजून रविवारी जर्मनमध्ये मिस्सा होते.

आणि फिंडले मार्केट. १८५० च्या दशकातली लोखंडी सांगाड्याची ही मंडई एक दिवसही ओस पडलेली नाही म्हटलं तरी चालेल. तिथे 'गेटा' मिळतो. स्वस्तातलं मांस पुरवून खायची जर्मन युक्ती. डुकराचं, कधी त्यात थोडं गाईचं मांस, कांदा, तमालपत्र आणि भरड ओट हे सगळं तासन्‌तास रटरटवायचं. घट्ट झालं की साच्यात ओतून थंड करायचं, मग बोटभर जाड काप काढून तव्यावर दोन्ही बाजूंनी कुरकुरीत होईस्तोवर परतायचे. त्याच मंडईत आता व्हिएतनामी आणि आफ्रिकी जेवणाचे गाळेही आहेत, आणि शनिवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते.

मार्चमध्ये वसंत ऋतूतल्या बॉक बिअरसाठी मिरवणूक निघते. १९९० च्या दशकात, वस्ती अगदी खंगलेली असताना, तिथे लोक यावेत म्हणून ती सुरू केली गेली. १८६१ पासूनच्या अर्नोल्ड्स बारपासून ती निघते, पुढे एक बोकड चालतो आणि मागोमाग 'सॉसेज क्वीन'. या किताबासाठी बाई असणं सक्तीचं नाही. पुरुषही उभे राहतात आणि जिंकतातही.